बॉयकॉट हे आधी एका एजंटचं आडनाव होतं: मालकाचा हुकूम पाळणाऱ्या चार्ल्स बॉयकॉट यांची गोष्ट

एखादा सिनेमा खटकला, एखाद्या ब्रँडची जाहिरात आवडली नाही, एखाद्या देशाचा राग आला, की सोशल मीडियावर हॅशटॅग धावायला लागतो. बॉयकॉट अमुक, बॉयकॉट तमुक. दर काही दिवसांनी हा शब्द ट्रेंडमध्ये असतोच.

पण हा शब्द मुळात शब्द नव्हताच. ते एका माणसाचं आडनाव होतं. चार्ल्स कनिंगहॅम बॉयकॉट. हा माणूस राजा नव्हता, मंत्री नव्हता, मोठा जमीनदारही नव्हता. तो होता जमिनीचा एजंट. दुसऱ्याच्या जमिनीचा खंड गोळा करायचा, खंड थकवणाऱ्या कुळांना नोटिसा काढायच्या आणि आपलं कमिशन घ्यायचं, हे त्याचं काम.

जमीन ज्यांची होती त्या लॉर्डचं नाव आज फारसं कुणाला माहीत नाही. एजंटचं नाव मात्र इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, रशियन अशा कितीतरी भाषांच्या शब्दकोशात जाऊन बसलं. असं का झालं? त्यासाठी थेट १४० वर्षांपूर्वीच्या आयर्लंडमध्ये जावं लागेल.

कॅप्टन नसलेला कॅप्टन

बॉयकॉट यांचा जन्म १२ मार्च १८३२ चा. इंग्लंडच्या नॉरफोक भागातलं बर्ग सेंट पीटर हे त्यांचं गाव. घरची परिस्थिती बरी होती. पोरानं सैन्यात अधिकारी व्हावं असं ठरलं आणि १८४८ मध्ये त्यांना वूलिचच्या लष्करी अकादमीत घातलं गेलं. तिथली परीक्षा काही त्यांना झेपली नाही. वर्षभरातच ते बाहेर पडले.

पण त्या काळात ब्रिटिश सैन्यात अधिकारीपद चक्क विकत मिळायचं. १८५० मध्ये घरच्यांनी पैसे भरले आणि बॉयकॉट ३९ व्या पायदळ रेजिमेंटमध्ये दाखल झाले. रेजिमेंट गेली आयर्लंडला. तिथे ते आजारी पडले, लग्न केलं आणि थोड्याच काळात सैन्यातलं पद विकून मोकळे झाले. कॅप्टनच्या हुद्द्यापर्यंत ते कधी पोचलेच नव्हते. तरी पुढे आयुष्यभर लोक त्यांना कॅप्टन बॉयकॉटच म्हणत राहिले.

सैन्य सोडलं, पण आयर्लंड सोडलं नाही. १८५४ च्या सुमारास ते पश्चिम किनाऱ्यावरच्या अ‍ॅकिल बेटावर गेले. तिथे त्यांच्या ओळखीचे एक गृहस्थ होते. त्यांच्यामार्फत बॉयकॉट यांना जमीन मिळाली. पुढची जवळपास वीस वर्षं ते त्या बेटावर राहिले. शेती केली, घोडे पाळले आणि कोर्टकज्जेही भरपूर केले. तापट माणूस, नियमावर बोट ठेवणारा, माघार न घेणारा, अशी त्यांची ओळख तिथेच झाली.

लॉक मास्कचं घर आणि दहा टक्के कमिशन

१८७३ च्या सुमारास बॉयकॉट यांना मोठी संधी मिळाली. मेयो परगण्यात बॅलिनरोब गावाजवळ लॉक मास्क नावाचं मोठं तळं आहे. तळ्याच्या काठी एक टुमदार घर होतं आणि भोवती ६०० एकरांहून जास्त जमीन. मालक होते लॉर्ड अर्न. बॉयकॉट यांनी हे घर आणि जमीन दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यानं घेतली.

सोबत आणखी एक काम आलं. आसपासची लॉर्ड अर्न यांची सुमारे १,५०० एकर जमीन छोटी छोटी कुळं कसत होती. त्यांच्याकडून खंड वसूल करायचा आणि अर्न यांच्याकडे पोचवायचा. मोबदला म्हणून वसुलीच्या दहा टक्के कमिशन.

लॉर्ड अर्न स्वतः राहायचे फरमॅना परगण्यातल्या क्रॉम कॅसलमध्ये, मेयोपासून बरंच लांब. चार परगण्यांत मिळून त्यांची ४०,००० एकरांच्या आसपास जमीन होती. त्या हिशेबात मेयोतला तुकडा तसा किरकोळच.

म्हणजे कुळांच्या दृष्टीनं मालक हे फक्त एक नाव होतं. रोज दिसायचे ते बॉयकॉट. कुळांची जनावरं त्यांच्या हद्दीत शिरली तर दंड, फाटक उघडं राहिलं तर दंड, अशा बारीकसारीक गोष्टींवरून ते कुळांना नाडायचे, अशा तक्रारी होत्या. खंड ठरवणारे अर्न होते. पण खंड मागायला दारात उभे राहणारे बॉयकॉट होते.

एजंट म्हणजे नेमकं कोण?

इथे जरा थांबून कायदा समजून घेऊ. कारण पुढचं सगळं नाट्य याच नात्यावर उभं आहे.

योगायोग बघा. बॉयकॉट यांनी लॉक मास्कचं काम घेतलं त्याच्या साधारण वर्षभर आधी, १८७२ मध्ये, ब्रिटिशांनी भारतात करार कायदा लागू केला. इंग्लंडमधल्या कोर्टांनी वर्षानुवर्षं घडवलेले एजन्सीचे नियम त्यात कलमं पाडून लिहिले गेले. तो कायदा भारतात आजही चालू आहे. त्यातलं कलम १८२ सांगतं की दुसऱ्याच्या वतीनं काम करायला किंवा तिसऱ्याशी व्यवहार करताना त्याचं प्रतिनिधित्व करायला नेमलेला माणूस म्हणजे एजंट.

या नात्यात तीन माणसं असतात. मालक, एजंट आणि ज्याच्याशी व्यवहार होतो तो तिसरा. इथे मालक अर्न, एजंट बॉयकॉट आणि तिसरी बाजू म्हणजे कुळं.

एजंटवर मालकाची बरीच बंधनं असतात. मालकाच्या सूचनेप्रमाणे वागायचं (कलम २११). काम नीट, कौशल्यानं करायचं (२१२). मागितला की हिशेब द्यायचा (२१३). अडचण आली तर मालकाला कळवून त्याचं म्हणणं घ्यायचं (२१४). मालकाला अंधारात ठेवून त्याच धंद्यात स्वतःचा फायदा करून घ्यायचा नाही (२१५ आणि २१६).

बदल्यात एजंटला काय मिळतं? मोबदला तर मिळतोच. शिवाय त्यानं अधिकारात राहून केलेली कृती ही मालकाचीच कृती मानली जाते (२२६). अशा कायदेशीर कामामुळे एजंटला तोशीस लागली तर ती मालकानं भरून द्यायची (२२२).

आता यात एक मोठी रिकामी जागा आहे. एजंटची निष्ठा मालकाशी. मग तिसऱ्याचं काय? त्याला फसवायचं नाही, एवढं ठीक. पण तो उपाशी आहे, त्याचं पीक बुडालं आहे, याचा विचार करणं हे एजंटचं कायदेशीर कर्तव्य नव्हतं. १८८० च्या आयर्लंडमध्ये सगळा स्फोट याच रिकाम्या जागेत झाला.

१० टक्के की २५ टक्के?

१८४५ नंतरच्या बटाटा दुष्काळात आयर्लंडमध्ये सुमारे दहा लाख माणसं मेली होती. ती आठवण ताजी होती. १८७९ मध्ये पुन्हा पीक बुडालं आणि लोकांच्या पोटात गोळा आला. खंड द्यायचा की पोरांना खायला घालायचं, हा प्रश्न उभा राहिला.

त्याच वर्षी आयरिश लँड लीग स्थापन झाली. मायकेल डॅव्हिट हे तिचे संस्थापक, ते मेयोचेच. अध्यक्ष होते चार्ल्स स्ट्युअर्ट पार्नेल. मागण्या तीन होत्या. खंड वाजवी असावा, खंड भरणाऱ्या कुळाला काढता येऊ नये आणि कुळाला आपला हक्क विकता यावा.

पीक बुडाल्यामुळे लॉर्ड अर्न यांनी खंडात १० टक्के सूट दिली. सप्टेंबर १८८० मध्ये कुळांनी २५ टक्के सूट मागितली. अर्न यांनी नकार दिला.

आता बॉयकॉट यांच्यासमोर काय पर्याय होते? स्वतःच्या अधिकारात सूट देणं शक्य नव्हतं, कारण पैसा मालकाचा. काम सोडता आलं असतं. पण ते राहत होते त्या घराचा आणि जमिनीचा मालकही अर्नच. शिवाय कमिशन वसुलीवर. खंड कमी झाला की एजंटचं उत्पन्नही कमी. कुळांची बाजू घेण्यात त्यांचा कुठलाच फायदा नव्हता.

बॉयकॉट यांनी अकरा कुळांना जमिनीवरून काढण्याच्या नोटिसा आणल्या.

२२ सप्टेंबर १८८०

त्याच्या तीनच दिवस आधी, १९ सप्टेंबरला, एनिस गावात पार्नेल यांची मोठी सभा झाली होती. हुसकावलेल्या कुळाची जमीन जो कुणी घेईल त्याचं काय करायचं, हा विषय होता. गर्दीतून मारण्याची भाषा झाली. पार्नेल यांनी वेगळा मार्ग सांगितला. त्याला मारू नका. रस्त्यात, दुकानात, बाजारात, चर्चमध्ये, कुठेही भेटला तरी त्याच्याशी संबंध ठेवू नका. त्याला एकटं पाडा.

हा उपाय सांगितला होता दुसऱ्याची जमीन बळकावणाऱ्यांसाठी. पहिला गाजलेला प्रयोग झाला तो एका एजंटवर.

२२ सप्टेंबरला कोर्टाचा बेलिफ पोलिसांच्या बंदोबस्तात नोटिसा बजावायला निघाला. दोन-तीन घरं झाली आणि एका घरातल्या बाईनं नोटीस घ्यायला साफ नकार दिला. तिनं इशारा करताच आसपासच्या बायका जमल्या. दगड, चिखल, शेण, हाताला लागेल ते त्यांनी बेलिफावर आणि पोलिसांवर फेकलं. सगळ्यांना पळत लॉक मास्कच्या घरात शिरावं लागलं. उरलेल्या नोटिसा बजावल्याच गेल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी जमाव बॉयकॉट यांच्या आवारात आला आणि नोकरचाकरांना काम सोडायला सांगितलं. काही मनापासून गेले, काही भीतीनं गेले. पण गेले.

अख्ख्या गावाचा अबोला

मग सुरू झाली खरी शिक्षा. शेतात मजूर येईनात. लोहार घोड्यांना नाल ठोकेना. कपडे धुणारी बाई येईना. टपाल आणणाऱ्या मुलाला धमकी मिळाली. बॅलिनरोबचे दुकानदार सामान देईनात. शेतात बटाटे, सलगम आणि धान्य उभं, पण काढायला माणूस नाही. घरातली माणसं आणि एक-दोन पाहुणे मिळून जमेल तेवढं काम करायचे. बाहेर पडायचं तर सोबत पोलीस.

बॉयकॉट यांनी लंडनच्या टाइम्स वर्तमानपत्राला पत्र लिहून ही सगळी हकीकत कळवली. १८ ऑक्टोबरला ते पत्र छापून आलं आणि मेयोतलं भांडण सगळ्या ब्रिटनमध्ये पोचलं. आजच्या भाषेत सांगायचं तर पोस्ट व्हायरल झाली. बातमीदार लॉक मास्ककडे धावले.

५०० पौंडांचं पीक, १०,००० पौंडांचा खर्च

डब्लिन आणि बेलफास्टच्या वर्तमानपत्रांनी बॉयकॉट यांच्यासाठी निधी गोळा केला. उत्तरेतून शेकडो माणसं पीक काढायला न्यायची अशी भाषा सुरू झाली. दंगलीच्या भीतीनं सरकारनं ५० जणांनाच परवानगी दिली. कॅव्हन आणि मॉनहन परगण्यांतले हे ५० स्वयंसेवक नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात रेल्वेनं क्लेअरमॉरिसला उतरले. गाडी कुणी देईना, म्हणून पावसात चालत बॅलिनरोबला निघाले.

त्यांच्या संरक्षणाला सैन्य आणि पोलीस मिळून हजाराच्या आसपास माणसं होती. पण त्यांच्यावर हल्ला करायला कुणी आलंच नाही. स्थानिक धर्मगुरू फादर जॉन ओ'मॅली यांनी लोकांना लांब राहायला बजावलं होतं. रिकाम्या रस्त्यावर सरकारचं सैन्य एका माणसाच्या सलगमांवर पहारा देत होतं.

दोन आठवड्यांत पीक निघालं. पिकाची किंमत साधारण ५०० पौंड. सरकार आणि समर्थकांचा मिळून खर्च किमान १०,००० पौंड. एकेका सलगमामागे सरकारनं एक शिलिंग घालवला, असा हिशेब पार्नेल यांनी मांडला.

२७ नोव्हेंबरला बॉयकॉट आणि त्यांच्या कुटुंबानं घर सोडलं. त्यांना न्यायला एकही गाडीवान तयार नव्हता, म्हणून सैन्याच्या अ‍ॅम्ब्युलन्समधून स्टेशनवर जावं लागलं. डब्लिनच्या हॉटेलात उतरले तर हॉटेलवाल्याला धमकीचं पत्र आलं. १ डिसेंबरला ते इंग्लंडला निघून गेले.

तोवर त्यांचं नाव क्रियापद झालं होतं. जेम्स रेडपाथ नावाचे अमेरिकन पत्रकार तेव्हा मेयोत होते. वाळीत टाकण्यासाठीचा जड इंग्रजी शब्द शेतकऱ्यांच्या तोंडी बसणार नाही, सोपा काहीतरी हवा, असं त्यांना वाटत होतं. फादर ओ'मॅली यांनी एजंटचं आडनावच सुचवलं, असं खुद्द रेडपाथ यांनी लिहून ठेवलं आहे. नोव्हेंबर संपायच्या आत टाइम्ससुद्धा तो शब्द वापरू लागला होता.

महाराष्ट्रात हे आधीच घडलं होतं

शब्द आयर्लंडचा असला तरी हत्यार आपल्याला नवीन नव्हतं. लॉक मास्कच्या सहा वर्षं आधी, डिसेंबर १८७४ मध्ये, पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात करडे गावच्या लोकांनी सावकारांवर बहिष्कार घातला होता. कारण तेच, कर्जापायी घर आणि जमीन जाणं. हे लोण आसपासच्या गावांत पसरलं आणि मे १८७५ मध्ये सुपे इथून दंगे पेटले. सरकारला १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा करावा लागला. पुढे टिळकांच्या चतुःसूत्रीत बहिष्कार हे एक सूत्रच झालं.

या हत्याराची दुसरी धारही महाराष्ट्रानं पाहिली आहे. जातपंचायतींनी कुटुंबंच्या कुटुंबं वाळीत टाकली. म्हणूनच २०१६ मध्ये महाराष्ट्रानं सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला. समाजातल्या माणसाला वाळीत टाकणं इथे आता गुन्हा आहे.

पुढे बॉयकॉट यांचं काय झालं?

१८८१ मध्ये ते पत्नीसह अमेरिकेला गेले. प्रवासात बॉयकॉट नाव लपवून कनिंगहॅम हे मधलं नाव लावलं, तरी न्यूयॉर्कच्या बातमीदारांनी ओळखलंच. त्याच वर्षी ते लॉक मास्कला परतले. लोकांचा राग हळूहळू निवळला. नुकसानभरपाई त्यांनी सरकारकडे मागितली, सरकारनं दिली नाही.

१८८६ मध्ये त्यांनी लॉक मास्क सोडलं आणि इंग्लंडमध्ये सफोक भागातल्या फ्लिक्सटन इस्टेटवर नोकरी धरली. कसली? पुन्हा जमिनीच्या एजंटचीच. तिथे ते रमले, घोड्यांच्या शर्यतींच्या समितीवर काम केलं. सुट्टीला मात्र आयर्लंडलाच जायचे. १९ जून १८९७ रोजी वयाच्या ६५ व्या वर्षी त्यांचं निधन झालं. जन्मगावच्या चर्चमध्येच त्यांचं दफन झालं.

मेयोच्या कुळांना काय मिळालं? १८८१ मध्ये पंतप्रधान ग्लॅडस्टन यांच्या सरकारनं नवा जमीन कायदा केला. वाजवी खंड किती, हे ठरवायला न्यायाधिकरण आलं. मालक आकडा सांगणार आणि एजंट तो वसूल करणार, ही पद्धत मोडली. १९०३ च्या कायद्यानं तर कुळांना जमिनी विकत घ्यायला सरकारी कर्ज दिलं. आपल्याकडचा कूळकायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन आठवला, तर हा प्रवास ओळखीचा वाटेल.

आजच्या एजंटला यातून काय?

आज मुंबई-पुण्यात घर घेताना आपण एजंटकडे जातो. हसून बोलणारा, साइट दाखवणारा, कर्जाची सोय करून देणारा माणूस आपलाच वाटतो. पण तो कुणाचा एजंट आहे, हा प्रश्न सुटलेला नसतो. बिल्डर कमिशन देत असेल, तर त्याची निष्ठा कुठे असणार? रिसेलच्या व्यवहारात दोन्हीकडून ब्रोकरेज घेणारा माणूस किंमत कमी व्हावी म्हणून भांडेल की जास्त व्हावी म्हणून?

बॉयकॉट यांच्या काळी जी जागा रिकामी होती, ती भरायचा प्रयत्न २०१६ च्या रेरा कायद्यानं केला. नोंदणीयोग्य प्रकल्पातली घरं विकणाऱ्या एजंटला स्वतःची नोंदणी करावी लागते (कलम ९). नोंदणी नसलेल्या प्रकल्पातलं घर तो विकू शकत नाही, खोटी किंवा दिशाभूल करणारी माहिती देऊ शकत नाही आणि ग्राहकाला हक्काची कागदपत्रं मिळवून देणं त्याच्यावर बंधनकारक आहे (कलम १०). महाराष्ट्रात २०२३ पासून एजंटसाठी प्रशिक्षण आणि परीक्षाही सक्तीची करण्यात आली. मी फक्त बिल्डरचं ऐकलं, एवढं सांगून एजंटला आता सुटता येत नाही. समोरच्या ग्राहकाशीही त्याचं नातं आहे, हे कायद्यानं मान्य केलं.

म्हणून घर बघायला जाताना तीन गोष्टी आधीच विचारून घ्या. तुमचा रेरा नोंदणी क्रमांक काय? तुम्ही कुणाच्या वतीनं काम करताय? तुम्हाला पैसे कोण देणार, आणि किती? उत्तरं लेखी मिळाली तर उत्तम.

चार्ल्स बॉयकॉट यांनी एजंट म्हणून कायदा मोडला नव्हता. मालकानं सांगितलं ते केलं, कोर्टातून नोटिसा आणल्या, पोलिसांसोबत बजावायला पाठवल्या. कायद्याच्या नजरेत ती सगळी कृती लॉर्ड अर्न यांची होती. लोकांच्या नजरेत मात्र ती दारात उभ्या असलेल्या माणसाची होती. पुढच्या वेळी टाइमलाइनवर बॉयकॉटचा हॅशटॅग दिसला, तर एवढं आठवा: ज्यांनी सूट नाकारली त्यांचं नाव त्यात नाही.